मोतीबाग स्टेशन

ताई: काल यवतमाळहून येताना दारव्ह्याला मोतीबाग स्टेशनवर थांबलो. रुळांत हातभर गवत. लेक म्हणाला, एवढीशी रुंदी, खेळण्यातली गाडी होती का? मला नीट सांगता आलं नाही. काका, तुम्ही सांगा ना.

मोठे काका: खेळण्यातली कशी असेल! अडीच फुटी नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांची लाईन, आपली शकुंतला गाडी. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, दुसरा फाटा अचलपूरला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये त्यासाठी वेगळी रेल्वे कंपनी काढली. सगळा खटाटोप कापसासाठी. वऱ्हाडातल्या गाठी मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लाईनने मुंबई आणि पुढे जहाजाने इंग्लंडात मँचेस्टरला. माणसांचा विचार नंतर.

आत्या: नंतर कसा? आम्हाला तर तीच एक गाडी होती. लग्न होऊन कारंज्याहून दारव्ह्याला मी शकुंतलेनेच आले. स्टेशनवर तिकीट द्यायला कोणी नसलं की गार्डबुवा स्वतः उतरायचे, तिकिटं द्यायचे, सगळे चढले की मगच हिरवी झेंडी. कडेवर लेकरू घेऊन कुणी धावत येताना दिसली तर झेंडी तशीच काखेत धरून उभे राहायचे. दोनदा माझ्यासाठी थांबलेत.

मोठे काका: खरंय. शेवटी तर सात माणसांवर सगळा कारभार होता. इंजिन सोडणं-जोडणं, सिग्नल, तिकिटं, सगळं त्यांच्याकडेच. वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत त्याने गाडी ओढली, मग डिझेल आलं.

दादा: काका, सगळं मान्य. पण वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाईन होते आहे, वर्धा-कळंब २०२४ ला सुरूही झाली. आता जुन्यात किती दिवस अडकायचं?

मोठे काका: नवी लाईन यायलाच हवी रे. दारव्ह्याला ती मिळेल. पण नकाशा उघडून बघ, कारंजा तिच्यावर नाही. दारव्हा-कारंजा-मूर्तिजापूर हा धागा तुटला तो तुटलाच. आणि शकुंतला प्रवासी नव्हते म्हणून बंद पडली असं कुणी म्हटलं की मला राग येतो. रेल्वे सरकारी झाली तरी ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली. रूळ कंपनीचे, गाडी सरकारची. कंपनीला मोबदला मिळायचा, पण डागडुजीला वाली नाही. वेग ताशी २० किलोमीटरवर आला. अशी गाडी किती वर्षं ओढणार?

दादा: हे मालकीचं मला माहीतच नव्हतं.

ताई: आत्या, कारंज्याहून निघालात तिथपासून सांगा ना. व्हॉइस नोट पाठवा, लेकाला ऐकवते.

आत्या: रात्री जेवणं झाली की पाठवते. मोठी होईल हं. ट्रंक डब्यात चढेना, तेव्हा गार्डबुवांनीच एका बाजूने हात लावला होता, तिथून सुरू करते.