फुकटात मुंबई: 'सुट्टीत मुलांना न्यायचं कुठे' या रडगाण्याला उत्तर

गिरणगावकर (धागाकर्ता)

परवा इथेच नेरुळवासी यांनी लिहिलं की मे महिन्यात चौघांनी एक दिवस घराबाहेर काढायचा तर ५००० रुपये लागतात, मुंबईत आता मॉल आणि वॉटरपार्क सोडून काही उरलं नाही. खाली 'अगदी अगदी'ची रांग लागली. मी गप्प बसणार होतो. पण कुणीतरी 'मध्यमवर्गाने पडदे ओढून घरातच बसावं' असा सुस्कारा टाकला आणि राहवलं नाही.

अहो, भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, आपली राणीबाग, काय पळून गेली? आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये. २०१७ साली तिकीट वाढवलं तेव्हा बोंब मारणारेच आज त्या १०० रुपयांत पेंग्विन बघून येतात. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याच्या आवारात दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून परक्यांनी घारापुरीला एलिफंटा केलं तोच हा. बोटीचे पैसे नसतील तर निदान हत्ती तरी बघा.

मणिभवन घ्या. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे. त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांतून मांडलेत, मुलं काचेला नाक लावून बघत बसतात. वसईचा किल्ला, फुकट. शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी, फुकट, फक्त भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. अंबरनाथचं शिवमंदिर, १०६० सालचं, फुकट. मलबार हिलचा झाडांमधला लाकडी मार्ग, २५ रुपये. धारावी-माहीमचं निसर्ग उद्यान, जिथे एकेकाळी शहराचा कचरा पडायचा तिथे आता झाडी आहे. लोकलचं तिकीट ५ रुपयांपासून सुरू. डबा घरचा, पाणी घरचं. ५०० रुपयांत चौघांचा दिवस आरामात होतो. होत नसेल तर दोष मुंबईचा नाही, हौसेचा आहे.

नेरुळवासी

ज्यांच्यावर हा धागा काढलाय तो मीच. नमस्कार.

तुमच्या यादीत प्रवेशाचं तिकीट आहे, पोचण्याचं नाही. आम्ही पाच जण, आईचे गुडघे गेलेले. स्टेशनचा पूल चढणं तिला जमत नाही, म्हणजे घरापासून गाडी. वसईचा किल्ला फुकट, पण लोकलने गेलं तरी वसई रोड स्टेशनवरून रिक्षा, पाच जण म्हणजे दोन रिक्षा, जाताना आणि येताना. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, तेही सांगतो. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं, आणि दरवाजापासून लेणी पाच-सहा किलोमीटर आत. आईला काय पाठुंगळीला मारू? घारापुरीला बोटीचेच माणशी २०० च्या वर, मग शंभरावर पायऱ्या. डोली करा, परत पैसे.

आणि ऊन! वसईच्या किल्ल्यात मी गेलोय. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर गायब. दुपारी १२ वाजता कुटुंब भिंतीच्या सावलीच्या पट्टीत एकामागे एक उभं होतं, शाळेच्या प्रार्थनेसारखं. याला सहल म्हणायचं असेल तर म्हणा.

मॉलमध्ये लोक हौसेनं जात नाहीत. तिथे थंड असतं, बसायला मिळतं आणि संडास स्वच्छ असतो.

मेगाब्लॉक_पीडित

लोकलने जा म्हणणाऱ्यांनी वार कुठला ते सांगितलं नाही. नोकरदाराला रविवार एकच मिळतो आणि रविवारी ११ ते ४ रुळांच्या कामासाठी ब्लॉक, गाड्या रद्द. बरोबर सहलीच्या वेळात. मागच्या उन्हाळ्यात ठाण्याच्या फलाटावर दोन लहान मुलांना घेऊन इतका वेळ उभा होतो की धाकट्याने सहल झाली असं समजून 'आता घरी जाऊ' म्हटलं.

निवृत्त_लेखापाल

गिरणगावकर, उत्तम धागा. +१.

नेरुळवासी, रागावू नका, पण हल्लीची पिढी नाजूक झाली आहे. आम्ही भर मे महिन्यात वसईचा किल्ला पायी पालथा घालायचो. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली तो मे महिन्यातच घेतला, त्यांना कुणी एसी दिला होता? आमच्या मातोश्री पहाटे उठून अठरा माणसांच्या पुऱ्या लाटायच्या, हसतमुखाने. बाहेरचं खाणं हा प्रकारच नव्हता. खर्च वाढलाय तो इथे.

अवांतर: एसटीत ७५ च्या पुढे प्रवास मोफत आहे. नेरुळवासींच्या मातोश्री त्या वयात बसत असतील तर लाभ घ्यावा.

नेरुळवासी

चिमाजी अप्पांबरोबर माझी आई नव्हती हो काका. आणि ऊन अंगावर काढण्यात मर्दुमकी नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला कार्यक्रमात उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने दगावली. माझ्या घरापासून लांब नाही ते मैदान.

ठाणेकरीण

मी फक्त 'हसतमुखाने' या शब्दापाशी थांबले.

काका, तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात होतात का? अठरा माणसांच्या पुऱ्या लाटणाऱ्या बाईचं तोंड तुम्हाला कुठून दिसलं?

आणि गिरणगावकर, तुमच्या त्या ५०० रुपयांत 'डबा घरचा' हे दोन शब्द फार सहज आलेत. तो कसा होतो ते सांगते. बटाट्याची भाजी उन्हात दुपारपर्यंत आंबते, म्हणून ती बाद. दहीभात बाद. मग उरतात तिखटमिठाच्या पुऱ्या. म्हणजे पहाटे ५ ला कढईत तेल. मे महिना, पंखा लावला तर गॅस फडफडतो म्हणून पंखा बंद. आदल्या रात्री कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर काढायचा, बाटल्या अर्ध्या भरून फ्रीजरमध्ये आडव्या ठेवायच्या, नाहीतर तोंडाशी बर्फ धरतो आणि पाणीच येत नाही. मुलांचे टॉवेल, टोप्या, जास्तीचे कपडे, सासऱ्यांच्या गोळ्या. या सगळ्यात बाकीचे लोक ७ ला उठून 'झालं का?' विचारतात. संध्याकाळी घरी आल्यावर तेलकट डबे, वाळूची चादर, आणि 'रात्री काहीतरी हलकं कर, खिचडी वगैरे'.

तुमची सहल स्वस्त आहे कारण एका माणसाची मजुरी शून्य धरली आहे. लेखापालांनी तरी हे पकडायला हवं होतं.

कांदेपोहे_क्लब

दंडवत ताई. प्रिंट काढून फ्रीजवर लावतेय.

गिरणगावकर

झालं. राणीबागेचा धागा स्त्रीमुक्तीवर गेला. विषय काय, चाललंय काय.

आमच्याकडे सगळे मिळून करतात. बाटल्या मी भरतो.

ठाणेकरीण

बाटल्या भरतात! अगं बाई, ओवाळा कुणीतरी त्यांना.

निवृत्त_लेखापाल

ताईंचा सूर अनाठायी आहे. कुटुंबासाठी केलेल्या कामाला मजुरी लावायची तर उद्या मुलांना बिल पाठवाल. आमच्या सौभाग्यवतींनी कधी तक्रार केली नाही.

कांदेपोहे_क्लब

काका, त्यांना इथे सदस्यत्व घेऊन द्या. एकदा त्यांच्याच तोंडून वाचू.

डबेवाला_नाही_मी

पुरुष आहे, पुऱ्या मीच करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खायला तयार. ठाणेकरीण यांचं गणित बरोबर आहे, पण उपाय सोपा आहे: डबा नेऊच नका. चार वडापाव १०० च्या आत, केळी, शेंगदाणे, काकडी. काकडीला ना तेल लागतं ना पहाट. मुलं एक दिवस पोळीभाजीविना जगतात. अडतं ते सासूबाईंच्या भुवईपाशी.

ठाणेकरीण

तुमची काकडी मान्य. भुवईचं काय करायचं तेही एकदा सांगा.

नेरुळवासी

वडापाववरून आठवलं. गेल्या वर्षी असंच 'स्वस्तात' म्हणून बाहेर खाल्लं, वर मुलीने बर्फाचा गोळा घेतला. पुढचे काही दिवस सलाईन. त्या सहलीचा हिशेब काढू का?

डबेवाला_नाही_मी

दोष वडापावचा नाही, बर्फाचा. उकळत्या तेलातून निघालेल्या वड्यावर आळ घेऊ नका, इथे भावना दुखावतात.

मेगाब्लॉक_पीडित

बेस्टचं कुणीच बोलत नाही. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं ५ चं १० झालं, एसीचं ६ चं १२. म्हणजे शेवटच्या टप्प्याचा खर्च एका रात्रीत दुप्पट. आणि इतकं देऊन बस येते का? थांब्यावर अर्धा तास उभं राहून शेवटी रिक्षाच. नेरुळवासी पैशाबाबत बरोबर आहेत, फक्त चुकीच्या गोष्टीवर रडतायत.

गिरणगावकर

१० रुपयांवर रडायचं आणि मॉलमध्ये १०० ची कॉफी प्यायची. चालू द्या.

नेरुळवासींच्या उन्हासाठी: राणीबाग सकाळी साडेनऊला उघडते, बुधवारी बंद. उघडल्या उघडल्या आत शिरा, दुपारी १ ला बाहेर. झाडी जुनी आहे, बाग १८६२ सालची, सावलीची कमतरता नाही. वसई सकाळी ७ ला करा, १२ ला कुणी सांगितलं होतं? वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे, आत सावलीत, सोमवारीही उघडं, मुलं एकेका यंत्राला लोंबकळत तीन तास काढतात. आईंना बाकावर बसवता येतं. मलबार हिलचा मार्ग पहाटे ५ ला सुरू होतो, ऊन चढायच्या आत परत.

नेरुळवासी

विज्ञान केंद्र मान्य. मुलाला तिथून ओढून आणावं लागलं होतं, हे खोटं बोलणार नाही. पण ते ५ रुपयांच्या लोकलमध्ये बसत नाही, तिकीट आहे आणि आमच्या स्टेशनपासून टॅक्सीही आहे. तुमच्या ५०० त ते कसं बसवता ते दाखवा.

आणि मलबार हिलचा मार्ग ४८५ मीटर आहे. त्यासाठी आधी ऑनलाइन वेळ ठरवा, मग नेरुळहून पहाटेची गाडी धरा, अर्ध्या तासात चालून संपवा. त्यानंतर काय, श्रीमंतांच्या इमारती मोजायच्या?

गिरणगावकर

उतरून बाणगंगेच्या तलावाला जायचं. तेही मीच सांगायचं का? दहा मिनिटं पायऱ्यांवर बसा, बदकं बघा, बरं वाटेल.

ठाणेकरीण

पायऱ्यांवर बसल्यावर बायकांनी जायचं कुठे तेही सांगा. नेरुळवासींच्या पोस्टमधला सगळ्यात खरा शब्द 'संडास' होता आणि त्यावर एकाही पुरुषाने उत्तर दिलं नाही. वसईच्या किल्ल्यात, अंबरनाथला नदीकाठी (त्या वालधुनीच्या वासासकट), शिवडीच्या धक्क्यावर, कुठे जायचं? मी सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. माझी बहीण पीत नाही. मैत्रिणी पीत नाहीत. मे महिन्यात. तुम्ही भरलेल्या त्या बाटल्या परत तशाच घरी येतात, कधी बघितलंत?

मुंबईचीच_मी

हे वाचून थांबले. माझी आई पण असंच करायची, तिला तहान लागत नाही असं आम्हाला वाटायचं.

निवृत्त_लेखापाल

हा मुद्दा रास्त आहे. महापालिकेने लक्ष घालावे. मात्र त्यावरून संपूर्ण सहलसंस्कृती मोडीत काढणे हा अतिरेक.

कांदेपोहे_क्लब

'रास्त' मिळाला! ताई, आज पेढे.

गिरणगावकर

ठीक आहे. यादी दुरुस्त करतो: प्रत्येक ठिकाणापुढे 'संडास आहे / नाही' असा रकाना, आणि खर्चात 'पहाटेची पुरी' म्हणून वेगळी ओळ. खूश?

ठाणेकरीण

ओळ रुपयांत लिहा.

नेरुळवासी

आणि रिक्षाची पण. मग ५०० चे किती होतात ते जाहीर करा.

गिरणगावकर

होऊ दे ८००. ५००० नाही झाले ना?

नेरुळवासी

पाच जणांत, टॅक्सीसकट? नेरुळहून निघून दाखवा. आईला तुमच्याबरोबर पाठवतो.

लाल_परी_प्रेमी

तुम्ही सगळे मुंबईतच का फिरताय? एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मुलांना अर्धं. अलिबाग गाठा, ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जा.

मेगाब्लॉक_पीडित

अर्ध्या तिकिटामुळे एसटीत पूर्ण तिकीटवाल्याला उभं राहावं लागतं, त्यावर पण बोला कधीतरी.

ठाणेकरीण

मेगाब्लॉक भाऊ, मोटरमनच्या केबिनमध्ये जागा दिली तरी तुम्ही खिडकीची तक्रार कराल.

लाल परी, आमचं तेच ठरलंय. येत्या शनिवारी आम्ही चौघी मैत्रिणी, पहाटेच्या एसटीने अलिबाग. ओहोटीची वेळ बघून ठेवली आहे, स्थानकात संडास आहे, किनाऱ्याजवळ ओळखीच्यांचं घर आहे. मुलं नाहीत, नवरे नाहीत, डबा नाही.

निवृत्त_लेखापाल

अवश्य जा. पण मग त्या दिवशी घरच्यांच्या जेवणाचं काय?

ठाणेकरीण

चार वडापाव, काका. १०० च्या आत.