मदत हवी आहे: प्रार्थना आणि सकारात्मक विचार, फरक कसा समजावू?

जय ख्रिस्त मंडळी. रविवारी तरुणांच्या बायबल अभ्यासात एका मुलीने वही पुढे केली. डाव्या पानावर रोज सकाळी म्हणायची वाक्यं, ‘मी समर्थ आहे, मला यश मिळणारच’. उजव्या पानावर प्रार्थना. म्हणाली, “दादा, दोन्हींनी मन शांत होतं. मग फरक काय?”

मी गडबडलो. घरी येऊन विचार केला तेव्हा गेथशेमाने आठवलं, येशूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रार्थना केली ती बाग. येशूने दुःखाचा प्याला दूर व्हावा असं उघड मागितलं, पण शेवट पित्याच्या इच्छेवर सोडला. एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने शिकवलेल्या स्वयंसूचनेत रोज सकाळ-संध्याकाळ वीसदा ‘मी सुधारतोय’ म्हणायचं; तिथे ऐकणारा आपणच. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, काढण्यासाठी देवाला तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं! सकारात्मक विचारांच्या वहीत असं पान बसेल का?

पण ‘विश्वासाने मागा, मिळेल’ हेही शास्त्रातच आहे ना (मार्क ११:२४). इथेच माझं घोडं अडतं. हे वचन आणि ‘ठाम माना, घडेल’ यांतला फरक तुम्ही कसा सांगाल? आणि ती वाक्यं तिला बंद करायला सांगू की राहू देत? मला स्वतःला ती वाईट वाटत नाहीत. पुढच्या रविवारच्या आत सांगाल तर बरं होईल.