मुलगा सारखे डोळे फिरवतो, टेन्शनमुळे असं होतं का?

दुसरीतल्याची_आई:
मुलगा सात वर्षांचा आहे, काही महिने झाले सारखे डोळे मिचकावतो आणि मधेच बुबुळं वर नेतो, घरात कटकटी चालू होत्या तेव्हापासून वाढलंय. टोकलं की अजून जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर नाही, डोळे चांगलेत म्हणून सांगितलं. मग औषध द्यायचं की नाही?

निवांत_बाबा:
ताई टिक्स असतील (म्हणजे मुद्दाम न करता सारख्या होणाऱ्या हालचाली), आमच्या मुलीला पण होतं. टेन्शनने वाढतं पण फक्त टेन्शनमुळे सुरू होतं असं नाही, मुळात मेंदूची ठेवण तशी असते. बहुतेक वेळा ४ ते ६ वर्षांत सुरू होतं, १०-१२ ला जोर असतो, नंतर बऱ्याच मुलांचं कमी होतं. टोकणं बंद करा आधी, आजी-आजोबांना पण सांगा (हेच सगळ्यात अवघड 😅). त्रास फारच असेल तर सीबीआयटी नावाची थेरपी असते, टिक यायच्या आधी जी हुरहूर होते ती ओळखून उलट हालचाल करायला शिकवतात. गोळ्या अगदी शेवटी.

चष्मेवाली:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळे वर न जाता दोन्ही नाकाकडे वळत असतील, लांबचं धूसर दिसतं, दोन-दोन दिसतात, डोकं दुखतं म्हणत असेल तर ते टिक नाही, कन्व्हर्जन्स स्पाझम असू शकतो. त्यात डोळे आत वळताना बाहुल्या बारीक होतात. मनावर ताण असलेल्या मुलांमध्ये दिसतो, आणि थेंब न घालता तपासलं तर खोटा मायनस नंबर निघतो! अ‍ॅट्रोपिनसारखे थेंब, कधी जवळच्यासाठी प्लसचा चष्मा आणि सोबत काउन्सेलिंग, यावर बऱ्यापैकी आटोक्यात येतो. पोरगं नाटक करतंय असं मात्र समजू नका हं.

दुसरीतल्याची_आई:
आत नाही वळत, वरच जातात. झोपेत नसतं. पण आकडी तर नसेल ना?

निवांत_बाबा:
त्या वेळी हाक मारा. ओ देतो, बोलणं चालू राहतं, सांगितल्यावर थोडा वेळ थांबवता येतं, तर टिककडेच झुकतं. शून्यात बघत राहिला, बोलता बोलता तुटला तर मात्र न्यूरोलॉजिस्टकडे (मेंदूच्या डॉक्टरांकडे) जा.

चष्मेवाली:
अजून एक, उलटीचं किंवा मानसिक आजाराचं काही औषध नुकतं सुरू झालंय का? काहींनी डोळे वर जाऊन तिथेच अडकतात, तसं असेल तर लगेच दाखवा. आणि डोळे सगळीकडे सैरावैरा उडत असतील, चालताना तोल जात असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल. नाहीतर मोबाईलवर त्याच्या नकळत व्हिडिओ घ्या, दवाखान्यात गेलं की मुलं नेमकी शहाण्यासारखी बसतात.