मदत हवी आहे: पीआरसाठी (परदेशात कायम वास्तव्यासाठी) कॅनडा, ऑस्ट्रेलिया की जर्मनी? आणि अर्ज कुणाच्या नावानं?

वाळूज_शिफ्ट
नमस्कार मंडळी. मी ३१, बी.ई. मेकॅनिकल (बामू, २०१६), वाळूज एमआयडीसीत प्रॉडक्शन इंजिनिअर, अनुभव सात वर्षं. बायको २९, बी.एस्सी. नर्सिंग, पाच वर्षं स्टाफ नर्स. मुलगी दोन वर्षांची. इंग्रजी तिचं चांगलं, माझे आयईएल्टीएस या इंग्रजी परीक्षेत जेमतेम ६ बँड (गुण) येतील. एजंट म्हणतो, साडेचार लाख द्या, कॅनडाची जॉब ऑफर काढून देतो, तिनं निवडीचे पॉइंट वाढतात. काय करावं?

गोदाकाठ
एजंटला आधी नारळ द्या. जॉब ऑफरचे पॉइंट कॅनडानं २५ मार्च २०२५ पासून बंद केलेत. जे मिळतच नाहीत त्याचे साडेचार लाख कशाला?

आता हिशेब मांडू. तुम्ही मुख्य अर्जदार, चारही भागांत ६ बँड, म्हणजे सीएलबी ७ (कॅनडाच्या मापात भाषेची पातळी): वयाचे ९०, पदवीचे ११२, भाषेचे ६४, बायकोकडून २८, आणि शिक्षण-अनुभवाला भाषेची जोड मिळाल्याचे ३८. बेरीज ३३२. आता वहिनी मुख्य अर्जदार, लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७, म्हणजे सीएलबी ९: वय १००, पदवी ११२, भाषा ११६, तुमच्याकडून २०, जोडीचे ७५. बेरीज ४२३. घर तेच, माणसं तीच, फरक ९१ चा. अर्ज वहिनींच्याच नावानं करा.

एक मेख आहे. लिसनिंगमध्ये ८ ऐवजी ७.५ आला तर तो भाग सीएलबी ८ ला जातो. भाषेचे ७ आणि जोडीचे ३७, असे ४४ पॉइंट अर्ध्या बँडात गळतात. बहुतेक लोक रायटिंगला घाबरतात आणि लिसनिंगमध्ये आपटतात.

४२३ वर मात्र भागणार नाही. नर्सिंगला आरोग्य गटाचा वेगळा ड्रॉ (ठराविक पॉइंटांच्या वरच्यांना अर्जाचं बोलावणं) निघतो, पण २०२५ च्या उत्तरार्धात तोही ४७० च्या आसपास होता. (मेकॅनिकल स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी गटात आहे, पण २०२५ मध्ये स्टेमचा एकही ड्रॉ निघाला नाही.) मधली खिंड फ्रेंचनं बुजते. चारही भागांत एनसीएलसी ७ (फ्रेंचची तशीच पातळी) आणलं की ५० अधिक १२, म्हणजे ४८५. शिवाय फ्रेंचचा स्वतंत्र ड्रॉ आहे, तो मार्च २०२५ मध्ये ३७९ वर आला होता. शून्यातून तिथवर जायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष धरा. तोवर वहिनींना तिसावं लागलं की वयाचे ५ कमी होतील, तेही धरून चाला.

मांजरा_९९
गोदाकाठ यांच्याशी सहमत. कागदांचं सांगतो, कारण गाडी तिथंच अडते.

वहिनींची पदवी कॉलेज इथलं असलं तरी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची असणार. म्हणजे ईसीएसाठी (आपली पदवी कॅनडाच्या पदवीच्या तोडीची आहे का, ही तपासणी) ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, नाशिकहून निघेल, कॉलेजातून नाही. अंतिम पदवी प्रमाणपत्र लागतं, प्रोव्हिजनल चालत नाही. ईसीए पाच वर्षं चालतो, आयईएल्टीएस दोनच. म्हणून ईसीए आधी उरका.

नावं आजच तपासा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. त्यात पदवी माहेरच्या नावानं आणि पासपोर्ट सासरच्या, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावाच लागतो. तो ग्रामपंचायतीचा, हातानं मराठीत लिहिलेला असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत हवं.

अनुभवपत्र "वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा" छापाचं नको. लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष काम लिहून घ्या. कॅनडाच्या व्यवसाय यादीत (एनओसी) नर्सचा कोड ३१३०१. त्याच्या वर्णनातली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका, संशय येतो. वॉर्ड कोणता, पेशंट किती, हे येऊ द्या. आणि हो, पीआर मिळणं वेगळं, तिथं नर्स म्हणून रजिस्ट्रेशन वेगळं. ज्या प्रांतात जायचं तिथल्या नर्सिंग नियामकाकडे ते आत्ताच सुरू करा, नाहीतर तिथं जाऊन मदतनीसाचं काम करावं लागेल.

तेरणेचं_पाणी
ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात. तुमचे वयाचे ३०, पदवीचे १५, अनुभवाचे १०, बायकोच्या इंग्रजीचे ५. झाले ६०, आणि किमान ६५ लागतात. ६ बँडला तिथं शून्य पॉइंट. चारही भागांत ७ आणले तर १० मिळतात. शिवाय इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेला सीडीआर (आपल्या कौशल्याचा अहवाल) द्यावा लागतो, त्यात तीन करिअर एपिसोड स्वतःच्या कामावर लिहायचे. विकत घेतलेला सीडीआर नक्कल म्हणून पकडला गेला की बंदी बसते.

जर्मनीत आधी नोकरी, मग ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी लोकांचा राहण्या-कामाचा परवाना). ब्लू कार्डला इंजिनिअरसाठी २०२५ ची पगारमर्यादा वर्षाला ४३,७५९.८० युरो होती. कायम वास्तव्य जर्मन भाषेची बी१ पातळी असेल तर २१ महिन्यांत, सुरुवातीच्या ए१ वर २७ महिन्यांत. इंग्रजीतच अडकला असाल तर नव्यानं जर्मन शिकणं तुम्हाला सोपं जाईल असं मला वाटत नाही.

वाळूज_शिफ्ट
मनापासून आभार. कॅनडासाठी खात्यात किती दाखवायचे? वडील सोयाबीनचे पैसे देतो म्हणतात, गावाकडं दोन एकर आहे.

मांजरा_९९
जुलै २०२५ च्या आकड्यानुसार तिघांना २३,३६० कॅनेडियन डॉलर. सातबारा, प्लॉट, सोनं यातलं काही धरत नाहीत. बचत खातं आणि एफडी चालते, कर्जाऊ पैसा नाही. मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक बघतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात टाकलेली मोठी रक्कम उठून दिसते. वडिलांची रक्कम आताच खात्यात घ्या, त्यांच्याकडून बक्षीसपत्र लिहून घ्या आणि आडत्याची पट्टी जपून ठेवा, पैसा आला कुठून ते तिच्यावरूनच दाखवता येतं.