शब्द मोजून पुस्तक कळत नाही

वाक्यांची सरासरी लांबी आणि शब्दांतली अक्षरं मोजून विशेष शिक्षणाच्या बी.एड.ची पुस्तकं वाचायला सोपी आहेत का ते तपासावं, ही तुमची सूचना अर्धीच पटली. मजकूर वाचायला किती सोपा हे ठरवणारं रुडॉल्फ फ्लेशचं 1948 चं सूत्र असंच मोजतं, पण ते इंग्रजीसाठी बेतलेलं आहे. मराठीत 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा लांबलचक शब्द कुणालाही अडत नाही. 'प्रबलन' (बक्षीस-शाबासकीसारख्या गोष्टींनी एखादं वागणं पक्कं करणं) चारच अक्षरी, तिथे मात्र माझे विद्यार्थी दरवर्षी थबकतात. त्यापेक्षा पुस्तकातला एक उतारा घ्या, दर पाचवा शब्द गाळा आणि रिकाम्या जागा या विद्यार्थ्यांना भरायला द्या. अर्थ किती पोचतो ते लगेच दिसतं.

मला मजकुराची काळजी जास्त वाटते. अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) त्यात नावानिशी आल्या. तरी जुन्याच यादीवर चालणारी, 'मतिमंद' हाच शब्द वापरणारी पुस्तकं अजून हातात पडतात. उद्या माझे हेच विद्यार्थी शिक्षक होऊन पालकांशी त्याच शब्दांत बोलणार, हे मला फार लागतं.

आणखी एक बघा: कृती-विश्लेषणाच्या, म्हणजे एखादं काम छोट्या टप्प्यांत मोडण्याच्या, प्रकरणात व्याख्या चार-चार असतात, पण दात घासणं टप्प्याटप्प्याने कसं शिकवायचं, मूल ब्रशवर पेस्ट लावताना अडलं तर हात धरून मदत कधी करायची आणि ती कमी कशी करत न्यायची, हे असतं का? मी पुस्तक निवडताना आधी तेच पान उघडते.