जुन्या वळणाचा गेमर नेमका कोणाला म्हणावे?

आठबिटी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात एका मित्राने मोठ्या आनंदाने कळवले, की लहानपणी अर्धवट राहिलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ त्याने अखेर पूर्ण केला. कसा केला, असे विचारल्यावर उलगडा झाला. खेळ संगणकावर इम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून खेळला, प्रत्येक अवघड उडीच्या आधी स्थिती सेव्ह केली आणि उडी चुकली की काही सेकंद मागे जाऊन तीच उडी पुन्हा मारली. मी म्हटले, ‘म्हणजे तू तो पाहिलास, खेळला नाहीस.’ त्यावर, जुन्या वळणाचा गेमर असण्याचा मक्ता तुला कोणी दिला, असे त्याने मला सुनावले. प्रश्न रागाने विचारलेला असला तरी रास्त आहे, म्हणून माझे उत्तर इथे सविस्तर मांडतो.

वयाचा यात काही संबंध नाही आणि कपाटात किती जुनी कन्सोल रचून ठेवली आहेत याचाही नाही. जुन्या वळणाचा गेमर ओळखावा तो हरल्यानंतर काय करतो यावरून. १९८५ च्या त्या मारिओमध्ये आठ जगे आहेत, प्रत्येक जगात चार टप्पे आहेत, सुरुवातीला तीन लाइफ मिळतात आणि सेव्ह करण्याची सोय कुठेही नाही. चौथ्या जगात शेवटची लाइफ गेली की पुन्हा पहिल्या जगाच्या पहिल्या टप्प्यावर येऊन उभे राहायचे. ही शिक्षाच आहे, पण तिच्यामुळेच तो टप्पा अंगात मुरतो. पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे जादा लाइफ देणारा अदृश्य ठोकळा कुठे आहे, हे पुढे डोळ्यांना आठवावे लागत नाही, अंगठ्याला माहीत असते. हा अंगठाही एकाच वेळी दोन कामे करत असतो. टोकाने बी बटण दाबून धरायचे, म्हणजे मारिओ पळत राहतो. आणि बी न सोडता अंगठ्याचे पेर उजवीकडच्या ए बटणावर कलवायचे, म्हणजे तो उडी मारतो. कलवायला क्षणभर उशीर झाला की खड्डा. हे कोणी शिकवत नाही, पन्नास वेळा पडल्यावर हाताचे हातालाच समजते. मागे जाण्याची सोय असली तर त्या पन्नासांतल्या एकोणपन्नास वेळा पुसून जातात आणि त्यांच्याबरोबर शिकणेही पुसले जाते.

दुसरे असे, की तेव्हाचा खेळ आहे तसाच स्वीकारावा लागे. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये पातळी मोजणारा आकडा आठ बिटांत मावतो, म्हणजे २५५ च्या पुढे जात नाही. त्यामुळे २५६ व्या पातळीवर हिशेब कोलमडतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो आणि पातळी पूर्ण करण्याइतके ठिपकेच उरत नाहीत. ही चूक सुधारणारे अपडेट घराघरांत आले नाही. तीच त्या खेळाची वेस ठरली. जो खेळ अडखळल्याबरोबर वाट दाखवतो आणि खेळाडूची सतत मनधरणी करतो, त्यावर वाढलेला माणूस उत्तम गेमर असू शकेल, पण त्याला जुन्या वळणाचा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कोडगा

धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. ज्या कठीणपणाला आपण संस्कार समजून ओवाळत आहात, तो बराचसा गल्ल्याचा हिशेब होता. आर्केडमधले यंत्र नाण्यावर चालत असे. खेळाडू जितक्या लवकर मरेल, तितक्या लवकर पुढचे नाणे पडणार. १९८५ च्या ‘गाँटलेट’मध्ये तर शत्रूने हातही लावला नाही तरी वेळ जाईल तशी आपली ताकद घटत जाते आणि नाणे टाकले की वाढते. याहून उघड कबुली कोणती हवी? घरी खेळायच्या खेळांतही काठिण्य हे काही दगडावर कोरलेले नव्हते. ‘कॉन्ट्रा : हार्ड कोअर’ या १९९४ च्या खेळाच्या जपानी आवृत्तीत एका लाइफमध्ये तीन घाव सोसता येतात, अमेरिकी आवृत्तीत एका घावात लाइफ जाते. मग जपानी मुले कमी जुन्या वळणाची होती, असे समजायचे का?

मर्यादेतून कधी कधी सौंदर्य निघते, हे मला मान्य आहे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये पडद्यावर सुरुवातीला ५५ शत्रू असतात आणि तेवढे सगळे हलवताना प्रोसेसरची दमछाक होते; ते मरत जातात तसे काम हलके होते आणि उरलेले अधिकाधिक वेगाने अंगावर येतात. खेळ करणारे तोमोहिरो निशिकाडो यांनी ही गोष्ट न सुधारता तशीच राहू दिली, कारण खेळ त्यामुळे रंगत होता. पण ती त्यांची निवड होती, आणि सगळ्याच अडचणी निवडलेल्या नसतात. सेव्हची सोय नसण्याचे कारण तत्त्वज्ञान नव्हते. कॅसेटमध्ये त्यासाठी जादा मेमरी आणि बॅटरी घालावी लागे आणि ती खर्चाची बाब होती. १९८७ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या कॅसेटमध्ये ती बॅटरी आली, तेव्हा ‘शिकणे पुसले जाईल’ म्हणून कोणी कॅसेट परत केल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आता आपल्या लाडक्या मारिओविषयी. सगळी लाइफ संपल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए बटण दाबून धरा आणि स्टार्ट दाबा. ज्या जगात हरलात त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून खेळ सुरू होतो. शिवाय पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छतावरून चालत गेले की थेट चौथ्या जगात नेणारा नळ आहे आणि चौथ्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या वेलीवरून आठव्या जगात जाता येते. म्हणजे ज्या ‘सोयी’वर आपला आक्षेप आहे, ती खेळ करणाऱ्यांनीच आत ठेवलेली होती. आपण ती वापरली नाही, हा आपला स्वभाव झाला; जुनी परंपरा नव्हे.

पिक्चरट्यूब

दोघेही बटणांवरून भांडत आहेत आणि पडद्याकडे कोणाचेच लक्ष नाही. जुने खेळ काचेच्या नळीच्या टीव्हीसाठी बनवलेले होते, आणि ज्याने ते तिथे पाहिले नाहीत त्याने ते पुरते पाहिलेच नाहीत. १९९१ च्या ‘सॉनिक’मधला धबधबा सपाट पडद्यावर उभ्या पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. तो ज्यावर चाले त्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला पारदर्शक रंग दाखवता येत नसत, म्हणून चित्रकारांनी एक रेघ पाण्याची आणि एक रेघ मागच्या देखाव्याची अशी वीण घातली. जुन्या केबलमधून जाताना त्या रेघा एकमेकींत मिसळत आणि समोर खरेच पाणी दिसे. ‘डक हंट’ची बंदूक तर नव्या टीव्हीवर चालतच नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड ठराविक क्षणी दिसला का, एवढेच पाहतो. नव्या टीव्हीवर चित्र उमटायला जो किंचित उशीर लागतो, तेवढ्यात तो क्षण हुकतो. धागाकर्त्याचा अंगठाही याच उशिराने चकतो, हे त्यांनी कधी करून पाहावे. तेव्हा वृत्ती वगैरे ठीक आहे, पण यंत्र तेच हवे.

सोल्डरवाला

यंत्र तेच हवे म्हणणाऱ्यांनी कधी ते उघडूनही पाहावे. कॅसेटमध्ये फुंकर मारणे हा जुन्या खेळाडूंचा सर्वांत आवडता विधी आणि तो निव्वळ भ्रम आहे. दोष बहुधा जुन्या निन्टेंडो कन्सोलच्या आतल्या ७२ पिनांच्या सैल पडलेल्या सॉकेटमध्ये असे. संपर्क नीट झाला नाही की आतली सुरक्षा चिप साधारण दर सेकंदाला कन्सोल रीसेट करी आणि दिवा लुकलुकत राही. फुंकर मारण्यासाठी कॅसेट काढून पुन्हा बसवली जाई, त्या बसवण्याने काम होई आणि श्रेय फुंकरीला मिळे. उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजत. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी कॅसेटवर तो हिरवट थर मी खोडरबराने आणि स्पिरिटने घासून काढला आहे. जुने म्हणून जे जे केले ते शहाणपणाचे होते, असे धरून चालू नये, एवढेच.

उशिरा आलेली

माझा जन्म २००० नंतरचा. धागाकर्त्याच्या व्याख्येत मी कदाचित बसेन, ‘पिक्चरट्यूब’ यांच्या व्याख्येत मुळीच नाही. मी जे जे जुने खेळले ते सगळे इम्युलेटरवर, कारण दुसरा मार्गच नव्हता. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ च्या अभ्यासात दाखवले. त्याच वर्षी मार्चमध्ये थ्रीडीएस आणि वी यू या निन्टेंडोच्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद झाली आणि तिथून जुने खेळ विकत घेण्याची वाटही गेली. मूळ यंत्राचा आग्रह म्हणजे, ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे त्यांच्यापुरती ही गोष्ट संपवण्याचा आग्रह आहे.

राहिला प्रश्न मागे जाण्याच्या सोयीचा. माझ्या उजव्या अंगठ्याचे पेर एका अपघातानंतर पूर्ण वळत नाही. आपण वर्णन केलेले बी धरून ए कडे कलवणे मला जमते, पण दहांतून चारदा. तेव्हा पन्नास वेळा पडून मी काहीही शिकत नाही, फक्त पडते. मी स्थिती सेव्ह करते ती टप्प्याच्या सुरुवातीला, उडीच्या आधी नव्हे, आणि हा नियम मीच स्वतःला घालून घेतला आहे. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये खेळाचा वेग कमी करण्याची सोय खेळ करणाऱ्यांनीच दिली आहे, मी तो ९० टक्के वेगाने खेळले आणि शेकडो वेळा हरले. हरण्याशी असलेले माझे नाते कोणाहून कमी आहे, असे मला वाटत नाही.

आठबिटी

‘उशिरा आलेली’ यांचा नियम मला आवडला आणि त्यांच्या बाबतीत माझे मूळ वाक्य मी बिनशर्त मागे घेतो. माझ्या मित्राच्या बाबतीत घेत नाही. त्याचे दोन्ही अंगठे उत्तम आहेत.

यंत्राचा आग्रह मला पटत नाही, पण कोडगा यांना एक उदाहरण द्यावेसे वाटते. जुन्या निन्टेंडोवरचा ‘टेट्रिस’ २९ व्या पातळीवर इतका वेगवान होतो, की बाजूचे बटण दाबून धरून तुकडा भिंतीपर्यंत पोचतच नाही. अनेक वर्षे तोच शेवट मानला जात होता. पुढे खेळाडू बटण दाबून धरण्याऐवजी थरथरत्या अंगठ्याने मारू लागले. त्यानंतर बटणावर अंगठा नुसता टेकवून कंट्रोलरच्या पाठीवर बाकीची बोटे एकामागून एक आपटण्याची पद्धत निघाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीवर तो खेळ अक्षरशः बंद पाडला. कोणी खेळ सोपा करून दिला नव्हता. हात बदलले, खेळ तोच राहिला. त्या मुलाचा जन्म त्या कॅसेटनंतर दोन दशकांनी झालेला आहे आणि मी त्याला निःसंशय जुन्या वळणाचा गेमर म्हणेन.

कोडगा

उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. ती बोटे आपटण्याची पद्धत एकट्याने अंधाऱ्या खोलीत पन्नास वेळा हरून मिळालेली नाही. खेळाडूंनी एकमेकांचे व्हिडिओ पाहून, तुलना करून ती घासूनपुसून घेतली. कोणत्या पातळीवर काय घडले तर खेळ कोसळेल, याचे तक्ते लोकांनी खेळाचा कोड तपासून आधीच तयार केले होते. म्हणजे आपल्या आदर्श खेळाडूच्या मागे नव्या काळातली सगळी सामग्री उभी होती. ती त्याला चालते, आणि आपल्या मित्राला एक रीवाइंड चालत नाही?

आणि ए आणि स्टार्टच्या युक्तीबद्दल आपण सोयीस्कर मौन पाळले आहे, याची नोंद घेतो.

रात्रपाळी

मला वेगळीच रेघ दिसते. ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. याउलट १९९३ चा ‘डूम’ घ्या. त्याचा कोड १९९७ मध्ये खुला झाला, आणि लोक आजही त्यासाठी नवे नकाशे बनवून खेळत आहेत. खेळ आपल्या हातात राहावा, तो कधी थांबवायचा ते आपण ठरवावे, असे ज्याला वाटते तो माझ्या लेखी जुन्या वळणाचा. मग त्याने रीवाइंड करावे, वेग कमी करावा, नाहीतर सगळे शत्रू काढून टाकून नुसते नकाशात फिरावे.

आठबिटी

हा धागा मित्राला दाखवला. त्याने रीवाइंड बंद केले, पण माझ्या म्हणण्यावरून नव्हे. कोडगा यांचा प्रतिसाद वाचून त्याने ए आणि स्टार्टची युक्ती करून पाहिली आणि तिच्या जोरावर काल रात्री तो आठव्या जगाच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचला. तिथे हातोडे फेकणाऱ्या कासवांची जोडी येते, एक वरच्या विटांवर आणि एक खाली, आणि आतापर्यंत त्याच्या सगळ्या लाइफ तिथेच खर्ची पडत आहेत. ही युक्ती तू मला लहानपणी का सांगितली नाहीस, असे त्याने विचारले. मौनाचे कारण कोडगा यांनाही कळावे म्हणून लिहितो : परवापर्यंत ती मला माहीत नव्हती.