बॉक्स ब्रेड्स: केसांची राखण की टाळूवर ताण?

वेणीफणी: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांत मुलीला गुडघ्यांशी बसवून वेण्या घालणं म्हणजे मायलेकींचा हक्काचा वेळ. तरी बॉक्स ब्रेड्सना, म्हणजे टाळूवर चौकोनी भाग पाडून कृत्रिम केस मिसळून घातलेल्या सुट्या वेण्यांना, सरसकट 'केस राखणाऱ्या वेण्या' म्हणणं मला पटत नाही. जुन्या पद्धतीत कृत्रिम केसांची गाठ थेट मुळाशी बसते आणि सगळा भार तिथेच लोंबतो. घालताना भुवया वर ओढल्या गेल्या, दुसऱ्या दिवशी मुळाशी पांढरे फोड आले, की समजा वेणी घट्ट झालीय. वर्षानुवर्षं असंच चाललं तर आधी कानशिलांवरचे केस जातात. तिथे व्रण धरला की ते परत उगवत नाहीत.

तिपेडी: हा दोष हाताचा, वेणीचा नव्हे! नॉटलेस, म्हणजे बिनगाठीच्या, घाला. आधी फक्त स्वतःच्या केसांचे तीन पेड धरून दोन-चार वेढे गुंफायचे, मग कृत्रिम केसांच्या बारीक बटा एकेक करून मिसळायच्या. कपाळालगतचं कोवळं लव सोडूनच द्यायचं. खाज बऱ्याचदा कृत्रिम केसांवरच्या लेपाने सुटते. ते आधी अॅपल सायडर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवावेत, पांढुरका थर सुटला की धुऊन पूर्ण वाळवावेत. आणि वेण्या नकोत तर काय, रिलॅक्सर? केस सरळ करणारं सोडियम हायड्रॉक्साइडचं ते मलम केसांमधले गंधकाचे बंध तोडतं, टाळू भाजते, आणि आधी सरळ केलेल्या भागावर पुन्हा लागलं तर केस मधूनच तुटतात.

वेणीफणी: रिलॅक्सरची बाजू मी घेतलेलीच नाही. पण नॉटलेसला वेळ जास्त, पैसेही जास्त. मग पैसे वसूल करायला त्या तीन-तीन महिने डोक्यावर ठेवल्या जातात. सहा ते आठ आठवड्यांनी सोडायलाच हव्यात, नाहीतर गळलेले केस मुळाशी अडकून जटा होतात. लहान मुलींना तर कृत्रिम केस नकोतच. तिच्याच केसांच्या सैल वेण्या, टोकाला चार मणी, पुरे.

कुरळी बट: टाळूचं खरं, पण 'पुरे' कुणी ठरवायचं? 1786 मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरने कृष्णवर्णीय बायकांना डोकं झाकायला लावलं, तर त्यांनी त्या रुमालांचेच झोकदार फेटे बांधले. केसांवरून नोकरी किंवा शाळेत भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियात आला तो थेट 2019 मध्ये. वेणीची लांबी, रंग, मणी हे त्या मुलीचं बोलणं आहे. सैल घाला एवढं जरूर सांगा, कमी घाला असं सांगू नका.

वेणीफणी: लांबी वाढली की मुळावरचं वजनही वाढतं. कंबरेपर्यंतच्या वेण्या नऊ वर्षांच्या डोक्यावर नकोत, यावर मी ठाम आहे. खांद्यापर्यंत घाला, रंग हवा तो निवडू द्या.